टॉवरला तोंड होतं, कान नव्हते

(शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत. पाड्यावर वाचून दाखवावं.)



काल रात्री जेवणं झाल्यावर दोन पाड्यांच्या माणसांनी एक प्रश्न काढला. पंचायतीकडून सार्वजनिक टीव्ही मिळणार, त्यासाठी पाड्यानं अर्ज करायचा आणि थोडी वर्गणी भरायची. करायचा का नाही? पोरं म्हणाली, करायचा. म्हातारी माणसं म्हणाली, आधी प्लॉटचं बघा, मग टीव्हीचं. बोलणं वाढलं, कोंबडा आरवायची वेळ आली, पण निकाल लागला नाही. म्हणून आज सकाळी तेच पुढं नेऊ. हे आमच्या एकट्याचं मत नाही. रात्री शेकोटीभोवती जे निघालं तेच नीट लावून सांगतो.

आधी आपल्याच पाड्यावर काय झालं ते आठवा. दोन वर्षांपूर्वी चैतात टीव्हीची जीप आली. आपल्याला आनंद झाला. वाटलं, आता आपलं म्हणणं मुंबईला दिसेल. आजोबांनी पेटीतून फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या काढल्या. ह्याच पावत्या आपला पुरावा आहे. ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून आपण प्लॉट कसतो हे त्यांच्यावरून सिद्ध होतं. २७ डिसेंबर १९७८ चा सरकारी ठराव त्याच तारखेवर उभा आहे. आजोबा पावत्या हातात धरून कॅमेऱ्यासमोर बसले. तर जीपमधला माणूस म्हणाला, "बाबा, ते कागद बाजूला ठेवा, चित्रात बरे दिसत नाहीत. तारपा आहे का?"

तारपा भात पिकायला लागल्यावर वाजवायचा, चैतात कोण वाजवतो? तरी पाहुण्याचं मन कसं मोडायचं म्हणून वाजवला. बायांना पेटीतली लुगडी काढून नेसायला लावली. तीन वेळा तोच नाच करून घेतला. ऊन उतरायच्या आत जीप परत गेली. पुढं महिन्याभरानं बाजाराच्या गावी दुकानदाराकडं बसून आपण तो कार्यक्रम पाहिला. पाच मिनिटंही नव्हता. मागून एक गोड आवाज सांगत होता की, ही जंगलातली माणसं किती सुखी, किती भोळी. त्याच आठवड्यात आपल्यातल्या चौघांवर फॉरेस्टनं केस केली होती. आजोबा पडद्यावर दिसले, पावत्या दिसल्या नाहीत.

आता त्या जीपमधल्या माणसांना नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही. त्यांचीही अडचण समजून घेऊ. त्यांच्यातला एक जण चहा पिताना मोकळेपणी बोलला. गाडी एक, ती संध्याकाळच्या आत जमा करायची. कॅमेरे मोजके. साहेबाची सही असल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. सरकारी खात्याच्या विरोधात काही दाखवलं तर वर जाब द्यावा लागतो. मुंबईचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९७६ साली दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं केलं, पण ते राहिलं सरकारच्याच खात्यात. जनता सरकारनं वर्गीस समिती नेमली. तिनं १९७८ साली सांगितलं की रेडिओ-टीव्ही सरकारच्या हातातून काढून स्वतंत्र करा. तो अहवाल तसाच पडून राहिला. ज्याचा पगार त्याची सही, ज्याची सही त्याचं चित्र.

दुसरी गोष्ट पैशाची. १९७६ पासून टीव्हीवर जाहिराती आल्या. १९८४ ला 'हम लोग' मालिका आली, तिचा खर्च जाहिरातवाल्यानं उचलला. तिथून पुढं रांगच लागली. जाहिरातवाला विचारतो, बघणारा माझा माल घेईल का? आपण नागली-वरई खाणारी माणसं, मीठ-मिरची बाजारातून आणणारी. आपल्याला काय विकणार? म्हणून आपल्यासाठी कार्यक्रम कोण करणार?

तिसरी गोष्ट टॉवरची. १९८४ साली देशभर टॉवर उभे राहिले, रोज एक या वेगानं. लोकांना वाटलं, आपल्या गावाला टीव्ही केंद्र आलं. पण हे नीट समजून घ्या. लहान टॉवर म्हणजे केंद्र नव्हतं. तिथं स्टुडिओ नव्हता, कॅमेरा नव्हता, बोलायला माईक नव्हता. वर सॅटेलाइट होता, त्याच्यावरून आलेलं दिल्लीचं चित्र टॉवर उचलायचा आणि आजूबाजूच्या दहा-पंधरा मैलांत फेकायचा. त्याला तोंड होतं, कान नव्हते. तालुक्यात उभा होता, पण तालुक्यात काय चाललंय ते त्याला माहीत नव्हतं. गुजरातच्या वाटेवर आपला माणूस मेला तरी तो दिल्लीचंच गाणं लावायचा.

मग टीव्ही गावाचा होऊच शकत नाही का? होऊ शकतो. आपल्या शेजारी, गुजरातेत, झाला होता. खेडा जिल्ह्यात पिज नावाचं गाव आहे. तिथं १९७५ साली इस्रोनं एक लहान केंद्र बसवलं. विक्रम साराभाईंचं म्हणणं होतं की टीव्ही शहरात आधी आणि खेड्यात नंतर असं नको, लांबच्या खेड्याला त्याची गरज जास्त. ते १९७१ ला वारले, पण त्यांच्या माणसांनी ते काम धरलं. सुमारे ४०० खेड्यांत ६०० च्या वर सार्वजनिक टीव्ही ठेवले. कुठं पंचायतीत, कुठं शाळेत, कुठं दूध सोसायटीत. रोज संध्याकाळी गुजरातीत, त्यांच्याच बोलीत कार्यक्रम. कार्यक्रम करणारी माणसं आधी गावात जायची, लोकांना विचारायची, नंतर दाखवायची. कधी गावकरीच कॅमेऱ्यासमोर बसून साहेबाला प्रश्न करायचे. शेतमजुराला ठरलेली मजुरी का मिळत नाही, जातीचा भेद, दारू, सोसायटीचे घोटाळे, असले विषय. त्या कामाला पुढं युनेस्कोचं बक्षीस मिळालं.

आणि मग? १९८५ साली पिजचं केंद्र बंद केलं. लोकांचा विरोध होता, तरी यंत्र उचलून मद्रासला नेलं.

इथं थांबून विचार करा. हे आपल्याला ओळखीचं वाटत नाही का? दहा वर्षं लोकांनी ते केंद्र कसलं. त्यात आपलं बोलणं पेरलं. पण सातबारा त्यांच्या नावावर नव्हता. यंत्र सरकारचं, स्टुडिओ अहमदाबादला, माणसं इस्रोची. साहेब चांगले होते तोवर चाललं. साहेबांचं मन बदललं, एका कागदावर सही झाली, काम संपलं. आपल्या एकसाली प्लॉटचंही असंच झालं ना? कसणारे आपण, कागद फॉरेस्टचा.

आणि खेडा काही आपल्यासारखा गरीब मुलूख नाही. तिथं वीज होती, दूध सोसायट्या होत्या, रस्ते होते. आपल्या निम्म्या पाड्यांवर अजून खांबच आलेला नाही. जिथं वीज आहे तिथं टीव्ही ठेवणार कुठं? सरपंचाच्या ओट्यावर. चावी कोणाकडं? सरपंचाकडं. मग आपल्या बाया तिथं जाऊन बसतील? नाही बसणार. रोहयोच्या मजुरीसाठी ज्याच्याशी भांडलो त्याच्याच दारात टीव्ही बघायला जायचं, हे आम्हाला पटत नाही.

म्हणून रात्री जे ठरत आलं ते असं :

एक. अर्ज करायचा. टीव्ही नको असं नाही. पण तो शाळेत किंवा खळ्यावर, सगळ्यांना बसता येईल अशा जागी ठेवायचा. चावी दोन जणांकडं, त्यात एक बाई. वर्गणी मात्र प्लॉटच्या केससाठी जमवलेल्या पैशातून द्यायची नाही.

दोन. पुन्हा कॅमेरा आला तर आधी पाड्याची बैठक. आधी आपलं बोलणं, मग नाच. दंडाच्या पावत्या आधी दाखवायच्या. तारपा त्याच्या वेळेलाच वाजेल. आलेल्या माणसाचं नाव, तारीख, काय चित्र काढलं, हे सगळं वहीत लिहून ठेवायचं.

तीन. दर महिन्याला प्रत्येक पाड्यानं मुंबई केंद्राला पोस्टकार्ड टाकायचं. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आहे. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर भत्ता द्यावा लागतो. हे मराठीत, सोप्या भाषेत, सलग आठवडाभर सांगा, अशी मागणी करायची. नुसत्या खताच्या पोत्याबद्दल नको.

चार. ही पत्रिका. काल एक पोरगा हसून म्हणाला, आपलं केंद्र म्हणजे हे सायक्लोस्टाईलचं यंत्र. तो हसला, पण बोलला खरं. स्टेन्सिल आपण कापतो, शाई आपल्या वर्गणीची, दांडा आपण फिरवतो. चित्र नाही, रंग नाही, अक्षरंही कधी पुसट उमटतात. पण आजोबांच्या पावत्या यात छापल्या गेल्या, तारखेसकट. हे यंत्र उचलून मद्रासला न्यायला कोणी आलं तर आधी त्याला आपल्या सगळ्यांना उचलावं लागेल.

टीव्ही येईल, येऊ दे. बघू पण आणि बोलू पण. फक्त बघत बसायचं नाही.

ज्या पाड्यांना हे चार ठराव पटतात त्यांनी पुढच्या बैठकीत अंगठा किंवा सही करून आणावी. पटत नसतील तर का नाही, तेही लिहून किंवा लिहवून आणावं.

जिंदाबाद.