नवोदित गीतकारांस

कविता पुन्हा मागें वळून वाचतां येते. गीत मात्र कानांवरून एकदांच जातें. हा भेद मला साठीनंतर उमगला. माझें पहिलें गीत जोडाक्षरांनीं जड झालें होतें. "आजोबा, येथें सूर लांबवूं कोठें?" असें नातीनें विचारलें आणि माझी मास्तरकी गळाली. तेव्हांपासून मी चरणाच्या अंतीं 'आ', 'ई' असा दीर्घ स्वर योजतों. प्रत्येक अंतऱ्यांत एकच कल्पना ठेवतों, आणि ती ध्रुवपदाशीं सहज येऊन मिळते कीं नाहीं, हें गुणगुणून पाहतों. १९५५-५६ सालीं पुणें आकाशवाणीवरून माडगूळकरांच्या 'गीतरामायणा'चीं ५६ गीतें प्रसृत झालीं. त्यांतील प्रसंग ऐकतांक्षणींच डोळ्यांपुढें उभा राहतो. नवोदितांनो, गीत कोणास दाखविण्यापूर्वीं मोठ्यानें म्हणून पाहा. जीभ अडखळेल तेथें शब्द बदला, मग तो कितीही लाडका असो.