यंत्राला नकार देता यावा



मेकॅट्रॉनिक्सची परिषद म्हटली की वेगाची चर्चा होणारच. तासाला चाचण्या किती, रोबोटचा हात किती चपळ, याबद्दल दोन दिवस बोलणे होईल आणि ते व्हायलाही हवे. परंतु रोगनिदानाच्या यंत्राची पहिली कसोटी माझ्या मते वेगळी आहे. काम नीट झालेले नाही हे यंत्राचे यंत्राला कळते का, आणि कळल्यावर ते आकडा द्यायचे थांबते का?

एक साधी क्रिया घ्या: नळीतून काही मायक्रोलिटर सीरम ओढणे. पिपेटची टिप खाली उतरते, द्रवाला स्पर्श झाल्याची खूण विद्युत धारितेतल्या बदलावरून मिळते आणि सीरम आत येते. नळीत फेस असेल तर हीच खूण आधी मिळते आणि सीरमबरोबर हवा ओढली जाते. फायब्रिनची बारीकशी गुठळी टिपेच्या तोंडाशी अडकली तरी नमुना कमीच येतो. पुढचे सगळे मात्र सुरळीत चालते. रिअ‍ॅजंट बरोबर मिसळतो, रंग येतो, प्रकाशाचे मोजमाप अचूक होते. नमुना पाव हिश्शाने कमी पडला, की क्रिएटिनिन १.६ ऐवजी १.२ छापून येते. हा आकडा पाहून कोणाच्याही भुवया उंचावत नाहीत, आणि म्हणूनच तो घातक आहे. मूत्रपिंडाच्या विकाराची पहिली चाहूल त्यात दडपून जाते. उपाय आपल्याच हातात आहे. टिपेतल्या हवेचा दाब मोजत राहिले, तर नीट ओढलेल्या नमुन्याचा आलेख एका ठरावीक वळणाने जातो. गुठळी असेल तर दाब फार खाली जाऊन वर यायला तयार नसतो, आणि हवा ओढली गेली तर तो पुरेसा उतरतच नाही.

या क्षेत्राचा इतिहासही हेच सांगतो. लेनर्ड स्केग्स यांच्या कल्पनेवर उभा असलेला ऑटोॲनालायझर टेक्निकॉन कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणला. बारीक नळीतून नमुन्यांचा सलग प्रवाह वाहायचा आणि हवेचे बुडबुडे त्याचे तुकडे पाडायचे, म्हणजे एकाचा नमुना दुसऱ्याच्या नमुन्यात फारसा मिसळत नसे. निकाल कागदाच्या पट्टीवर शिखरांच्या रूपाने उमटे. शिखराचा आकार बिघडला, की अनुभवी टेक्निशियनला तो नुसत्या नजरेने कळत असे. पुढे १९८०च्या दशकात जपानमधल्या कोचीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मासाहिदे सासाकी यांनी नमुने पट्ट्यांवरून फिरवणारी सबंध प्रयोगशाळाच स्वयंचलित केली. श्रम वाचले, गोंधळ कमी झाला. ही फार मोठी मिळकत होती. पण आलेख पेटीच्या आत गेला आणि टेक्निशियनच्या हाती उरला तो फक्त आकडा. पट्टीवरच्या शिखराकडे पाहणारी ती नजर आपण काढून घेतली आहे, तेव्हा ती यंत्रात बसवण्याची जबाबदारीही आपलीच ठरते.

यावर कोणी म्हणेल, रोज सकाळी ज्ञात मूल्याचे कंट्रोल नमुने लावतोच की! लावायलाच हवेत. पण कंट्रोलमुळे यंत्र आणि रिअ‍ॅजंट तपासले जातात. गुठळी असते ती एखाद्या रुग्णाच्या नळीत, कंट्रोलच्या कुपीत नव्हे. दुसरा आक्षेप खर्चाचा. खरा खर्च सेन्सरपेक्षा वेगवेगळ्या नमुन्यांवर केलेल्या चाचण्यांचा असतो: स्निग्ध सीरम, घट्ट सीरम, थंडगार नळी. तो वाचवला तर बिल रुग्णाच्या नावावर फाटते. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ऊठसूट ओरडणाऱ्या यंत्राचा इशारा लोक बंद करून टाकतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. मर्यादा स्वच्छ नमुन्यांवर ठरवल्या की असेच होणार. त्या गजबजलेल्या रुग्णालयातल्या नमुन्यांवर ठरवाव्यात, आणि नुसता त्रुटी-क्रमांक न दाखवता ‘गुठळी आहे, नळी पुन्हा तपासा’ असे पडद्यावर सरळ लिहून यावे.

हे अशक्य नाही. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालते आणि क्षयरोगाच्या निदानासाठी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. त्याच्या चाचणीत एक अंतर्गत कंट्रोल असतो. जंतूही सापडला नाही आणि हा कंट्रोलही उमटला नाही, तर ते ‘निगेटिव्ह’ म्हणत नाही, चाचणी अवैध ठरवते. मोठ्या शहरातल्या महागड्या यंत्राकडून यापेक्षा कमी अपेक्षा का ठेवावी?

म्हणून या परिषदेत टेक्निशियन मंडळींना आम्ही श्रोते म्हणून नव्हे, वक्ते म्हणून बोलावले आहे. कोणता इशारा तुम्ही बंद करता आणि का, हे मोकळेपणाने सांगा. अभियंत्यांना विनंती, की आपल्या यंत्रांचे फसलेले आलेख दडवू नका, इथे मांडा. पहिले सत्र सुरू करावे, अशी मी अध्यक्षांना विनंती करतो.