टस्कालूसाचा टोर्नेडो आणि मदत घेणारा हात

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या सत्राचा विषय 'आपत्ती आणि आपले संघटन' असा आहे. कालपासून इथे जे बोलले ते सगळे मदत करणारे होते. कोणी पुरात बोटी घेऊन गेले, कोणी कोविडमध्ये दफन आणि दहन दोन्ही केले. मला मात्र आयोजकांनी सांगितले की तुम्ही मदत घेणाऱ्या बाजूने बोला. तशी मी दोनदा मदत घेतली आहे. एकदा नऊ वर्षांची असताना औसा तालुक्यात, आणि एकदा सव्वीसाव्या वर्षी अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या टस्कालूसा या गावी. आज मुख्यतः दुसऱ्या वेळेबद्दल सांगते, पण पहिलीचा संबंध मध्येमध्ये येईल.

माझे पती तिथल्या विद्यापीठात संशोधन करत होते. मी त्यांच्या व्हिसावर गेलेली, म्हणजे मला नोकरीची परवानगी नाही. मुलगी चौदा महिन्यांची. विद्यापीठाच्या दक्षिणेला पंधरावा रस्ता आहे, त्याच्या बाजूच्या एका स्वस्त वसाहतीत तळमजल्यावर आमचे दोन खोल्यांचे घर होते. शेजारी एक कृष्णवर्णीय आजी एकट्या राहत. त्या आयुष्यभर एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून निवृत्त झालेल्या.

२७ एप्रिल २०११, बुधवार. हवामान खाते दोन-तीन दिवस आधीपासून सांगत होते की बुधवार वाईट आहे. मेक्सिकोच्या आखातावरून उबदार, दमट हवा जमिनीलगत येते, वर मात्र फार वेगाचे वारे वेगळ्याच दिशेने वाहतात, आणि उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा अशी बदलली की गडगडाटी ढग स्वतःभोवती फिरू लागतो. त्यातून जमिनीपर्यंत सोंड उतरली की तो टोर्नेडो. मराठीत आपल्याकडे वावटळ हा शब्द आहे, पण वावटळ म्हणजे शेतातला पाचोळा गोल फिरतो ती. नंतर नातेवाइकांचे फोन आले तेव्हा सगळे 'चक्रीवादळ' म्हणत होते आणि विचारत होते, समुद्र किती लांब आहे? समुद्राचा काही संबंध नव्हता. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरते आणि दिवसदिवस चालते. टोर्नेडो दोन-तीन किलोमीटर रुंद झाला तरी फार मोठा म्हणायचा, आणि आपल्या घरावरून तो काही मिनिटांत निघून जातो. उपखंडाला तो अगदी अनोळखीही नाही. एप्रिल १९८९ मध्ये बांगलादेशात एका टोर्नेडोने सुमारे तेराशे माणसे मारली. जगात इतके बळी दुसऱ्या कुठल्या टोर्नेडोने घेतल्याची नोंद नाही. गरिबांचे मरण पाठ्यपुस्तकात येत नाही, एवढेच.

त्या दिवशी पहाटेच एक वादळ येऊन गेले होते. दुपारनंतर मी टीव्हीसमोर बसून होते. तिथे जेम्स स्पॅन नावाचे हवामान सांगणारे गृहस्थ आहेत. ते कोट काढून नुसत्या गॅलसवर उभे राहिले की समजायचे, परिस्थिती गंभीर आहे. नकाशावरचे आकडे सांगण्याऐवजी हे गृहस्थ चौक, दुकान, चर्च यांची नावे घेऊन सांगतात की आता तिथे पोचला. पाचच्या सुमारास कॅमेऱ्यात तो प्रत्यक्ष दिसला. सोंड वगैरे काही नाही, काळी भिंत चालत येत होती. पतींनी आजींना आमच्याकडे आणले. घराच्या मधोमध, खिडकी नसलेली एकच जागा, न्हाणीघर. मुलीला आणि आजींना टबमध्ये बसवले, मी टबच्या कडेवर ओणवी, वरून गादी ओढून घेतली आणि पतींनी गादी धरून ठेवली. वीज गेली. कान दुखू लागले. मी कलमा पढत होते, आजी येशूला हाक मारत होत्या, आणि मुलगी दोघींच्या मध्ये चक्क शांत होती.

आवाज किती वेळ होता, सांगता येत नाही. थांबल्यावर गादी बाजूला केली तर वर आभाळ होते.

इथे किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी. माझे आजोळ त्या भागातले. आपल्याकडची घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा हातभर थर. उन्हाळ्यात गार. भूकंपात तोच थर झोपलेल्या माणसांवर आला. सुमारे आठ हजार माणसे गेली. तिकडे अलाबामात घर म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर फळ्या. भूकंपाला बरा, पण वाऱ्याने छत उचलले की भिंती पत्त्यासारख्या पडतात. आमच्याकडे छताच्या वजनाने माणसे मेली आणि तिकडे छताला वजन नव्हते म्हणून. दोन्हीकडे मेली ती बहुतेक स्वस्त घरातली माणसे. पक्के तळघर किंवा काँक्रीटची सुरक्षित खोली बांधायला पैसे लागतात, आणि भाड्याच्या घरात ती कोणी बांधून देत नाही.

त्या एका वादळाचा पट्टा सुमारे ८० मैल लांब होता, टस्कालूसाच्या नैऋत्येपासून बर्मिंगहॅमपर्यंत. वाऱ्याचा वेग ताशी १९० मैल, म्हणजे तीनशे किलोमीटरच्या वर. फुजिता नावाच्या जपानी वंशाच्या शास्त्रज्ञाने केलेल्या श्रेणीच्या सुधारित रूपात ० ते ५ असे वर्ग असतात, त्यात हा चौथ्या वर्गाचा. त्यात साठहून अधिक माणसे गेली. विद्यापीठाचे सहा विद्यार्थी त्यात होते. त्या एका दिवसात दक्षिणेकडच्या राज्यांत असे दीडशेहून अधिक टोर्नेडो झाले आणि तीनशेहून अधिक माणसे मेली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा पाइनच्या लाकडाचा ताजा वास आणि त्यात गॅसचा वास. फोन लागत नव्हते, पण लघुसंदेश कधीतरी जात होते. शहराच्या आपत्ती व्यवस्थापनाचे कार्यालय ज्या इमारतीत होते, ती इमारतच वादळात गेलेली. म्हणजे पहिले काही तास माणसांचे जे काही झाले ते शेजाऱ्यांनी केले. ज्यांना आम्ही वर्षभर नुसती मान हलवून ओळख दाखवली, ते दारे उपटून त्यांवरून जखमींना नेत होते. मोठे रुग्णालय वादळाच्या मार्गापासून थोडक्यात वाचले म्हणून बरे, त्या रात्री तिथे शेकडो जखमी आले.

आता मदतीबद्दल. दुसऱ्या दिवशी सकाळी एका चर्चच्या आवारात टेबले लागली. पाणी, ब्रेड, झाडे कापायच्या यांत्रिक करवती, निळ्या ताडपत्र्या. कोणी परवानगीची वाट पाहिली नाही. पहिल्या दिवशी गरम जेवण आले ते डुकराच्या मांसाचे. त्या भागात तेच सणासुदीचे आणि अगत्याचे जेवण आहे, त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. आम्ही ब्रेड आणि केळी घेतली. टेबलामागच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ते पाहिले. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि विचारले, "तुम्हाला काय चालत नाही?" का चालत नाही, असे विचारले नाही. दुसऱ्या दिवशी अंड्याची आणि चीजची सँडविचे वेगळ्या खोक्यात होती आणि खोक्यावर 'मांस नाही' एवढेच लिहिले होते. ती आम्हीच नव्हे, गुजराती, नेपाळी, सगळ्यांनी खाल्ली.

शुक्रवारी राष्ट्राध्यक्ष ओबामा येऊन गेले. आम्ही जुम्याला गेलो. तिथे जमलेल्या पैशातून काही आम्हाला द्यायचे ठरले आणि पती अडले. म्हणाले, जकात घेण्याची वेळ अजून आलेली नाही, आपल्या खानदानात कोणी घेतली नाही. एका सुदानी काकांनी त्यांना बाजूला घेतले आणि सांगितले की जकातीच्या आठ हकदारांत मुसाफिरही आहे, घरी धनवान असला तरी वाटेत अडकला तर त्याचा हक्क. पतींनी घेतली, पण रात्रभर बोलले नाहीत. आपल्या समाजात देणाऱ्याचे कौतुक खूप होते. घेणाऱ्याला कसे वाटते यावर एखादे बयान झालेले मी तरी ऐकलेले नाही.

रविवारी रात्री बातमी आली की ओसामा बिन लादेन मारला गेला. सोमवारी सकाळी मला मुलीचे डायपर आणायला त्याच रांगेत जायचे होते. डोक्यावर ओढणी. ज्यांच्याकडे आम्ही मुक्कामाला होतो ते म्हणाले, आज बाहेर जाऊ नका. पण डायपर संपले होते. गेले. माझ्या पुढे एक उंच माणूस होता, लाल टोपी, हाताला बँडेज. त्याने वळून बराच वेळ पाहिले आणि विचारले, कुठल्या? मी म्हटले, भारतातली. म्हणाला, घर गेलं? म्हटले, हो. "माझंही," एवढे बोलून तो पुन्हा पुढे पाहू लागला. टेबलावरच्या बाईंनी विचारले, किती नंबरचे? मी चार म्हटले, त्यांनी दोन पुडे दिले. कोणाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. मला त्या सोमवारी ती किरकोळ नव्हती.

तिथे फुटबॉल म्हणजे आपले भारत-पाकिस्तान क्रिकेट. अलाबामा आणि ऑबर्न या दोन विद्यापीठांत हाडवैर. वादळाच्या दोनच महिने आधी अलाबामाच्या एका चाहत्याला ऑबर्नच्या मानाच्या ओक झाडांना विष घातल्याच्या आरोपावरून अटक झाली होती. ती झाडे तेव्हा तुमर्स कॉर्नरला होती. त्याच ऑबर्नच्या चाहत्यांनी 'तुमर्स फॉर टस्कालूसा' असा गट काढला आणि ट्रक भरभरून सामान पाठवले. १९९३ मध्ये औशाला जे ट्रक आले, तेही अशाच वर्षी आले होते. जानेवारीत मुंबई जळलेली, मार्चमध्ये बॉम्बस्फोट झालेले, आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या नंबरप्लेटचा ट्रक आमच्या दारात. त्यातून उतरलेल्या माणसाने अम्मीच्या हातात तवा आणि दोन पातेली दिली. तो कोण होता हे आम्हाला कधी कळले नाही.

पण चित्र गुळगुळीत करून सांगायला मी आलेले नाही. आमच्या घरमालकाने अनामत रक्कम परत दिली नाही. जुन्या कपड्यांचे ढीग असे साचले की ते उचलणे हेच एक काम झाले. आणि महत्त्वाचे म्हणजे अल्बर्टा सिटी भागात मेक्सिको, ग्वाटेमालाहून आलेली पुष्कळ कुटुंबे होती. छपरे आणि बांधकामे यांवर राबणारी. त्यांच्यातले अनेक जण निवाऱ्यात यायला घाबरत होते, कारण तिथे गणवेशातली माणसे होती आणि यांच्याकडे कागद नव्हते. 'कागद' हा शब्द आपल्यालाही २०१९ च्या अखेरीस नव्याने ओळखीचा झाला. वादळाला दीड महिनाही झाला नव्हता, ९ जूनला, त्याच अलाबामाच्या गव्हर्नरनी स्थलांतरितांविरुद्धच्या कायद्यावर सही केली. कागद नसलेल्या माणसाला जाणूनबुजून आसरा देणे, गाडीत नेणे हा गुन्हा. शाळांनी मुलांची स्थिती नोंदवायची. ज्या राज्यात मला कोणी नाव विचारले नाही, त्याच राज्यात हे झाले. आणि मग एपिस्कोपल, मेथडिस्ट आणि कॅथलिक बिशप एकत्र येऊन ऑगस्टमध्ये कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे असे की भुकेल्याला वाढताना कागद पाहायचे तर आम्हाला आमचा धर्मच पाळता येणार नाही. कायद्याचे बरेच भाग पुढे न्यायालयात टिकले नाहीत. मदत चांगली झाली म्हणून कायदा चांगला होतो असे नाही. त्यासाठी टेबलामागे उभे राहणाऱ्यांना कोर्टातही उभे राहावे लागते.

शेजारच्या आजी पुढे मुलाकडे अटलांटाला गेल्या. दर ईदला त्यांचे कार्ड येते, तारीख नेहमी चुकलेली असते, कारण त्या मागच्या वर्षीची तारीख लक्षात ठेवतात.

आता शेवटचा आणि कामाचा मुद्दा. २०१९ च्या महापुरात आम्ही काही जणी शिरोळ तालुक्यात गेलो होतो. तिथे मी तीच चिठ्ठी वापरली: काय चालत नाही, मुलाचे वय काय, घरात बाळंतीण किंवा मधुमेही आहे का. तांदूळ सगळे आणतात. इन्सुलिन, सॅनिटरी पॅड, चष्मा, कर्ज आणि रेशनच्या कागदांच्या प्रती कोणी आणत नाही. जुने कपडे आम्ही घेतलेच नाहीत, दोन नवे परकर आणि एक नवी लुंगी बरी.

उद्या तुम्ही मदत नोंदणीचा अर्ज पक्का करणार आहात. मसुदा मी वाचला. त्यात तिसरा रकाना 'धर्म / जात' असा आहे. आकडेवारीसाठी ठेवला आहे असे कळले. तो काढावा, अशी माझी सूचना आहे. त्या जागेत आत्ता सांगितलेले तीन प्रश्न नीट बसतात, मी मोजून पाहिले. यावर मतभेद असतील तर चहाच्या वेळात बोलू. मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत इथेच आहे.