जुन्या लेन्सला जपतं कोण?



साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या दोन लेन्स डोळ्यांसमोर आणा. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच काळातल्या. एकीत डोकावलं की काच आरपार स्वच्छ, फोकसची रिंग लोण्यासारखी फिरते, अ‍ॅपर्चरची पाती कोरडी ठणठणीत. दुसरी मात्र धुरकट, आत बुरशीचं जाळं, रिंग जाम झालेली. कारखान्यातून निघाल्या तेव्हा दोघींत काडीचाही फरक नव्हता. मग एक अशी का आणि दुसरी तशी का? नागपूरकरांनी या प्रश्नाकडे मुद्दाम लक्ष द्यावं, कारण त्याचं निम्मं उत्तर आपल्या हवेत आहे आणि उरलेलं निम्मं आपल्या हातात.

आधी लेन्सच्या पोटात काय असतं ते पाहू. लेन्स म्हणजे एकच काच नव्हे, तो अनेक भिंगांचा संच असतो. जर्मनीच्या झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फ यांनी १९०२ साली टेसार लेन्स तयार केली. तिच्यात चार भिंगं आहेत आणि मागची दोन एकमेकांना चिकटवलेली आहेत. पूर्वी चिकटवायला कॅनडा बाल्सम वापरत. हा फरच्या जातीतल्या एका झाडाचा राळेसारखा चीक. भिंगांभोवती धातूची नळी, नळीच्या आट्यांमध्ये ग्रीस, मध्ये अ‍ॅपर्चरची पातळ पाती आणि नंतरच्या काळातल्या लेन्सवर काचेला दिलेला अतिशय पातळ लेप. यातली काच सहसा लवकर म्हातारी होत नाही. बिघडतो तो चीक, बिघडतं ते ग्रीस, झिजतो तो लेप. आणि बुरशी येते ती बाहेरून.

काळ दर वेळी नुकसानच करतो असंही नाही. इंग्लंडमधले भिंगतज्ज्ञ हॅरोल्ड डेनिस टेलर यांनी १८९० च्या दशकात एक नवल टिपलं. वर्षानुवर्षं हवेत राहून ज्यांच्या काचेवर निळसर छटा चढली होती, अशा जुन्या लेन्समधून नव्या लेन्सपेक्षा जास्त प्रकाश पार होत होता. त्या छटेमुळे काचेवरून परतणारा प्रकाश कमी झाला होता. पुढे १९३५ साली झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात कक्षात काचेवर लेप चढवण्याची पद्धत शोधली आणि निसर्गाने सावकाश केलेलं काम माणूस हुकमी करू लागला. घरात फार जुनी, लेप नसलेली लेन्स असेल आणि तिच्या काचेवर अशी निळसर झाक दिसत असेल, तर मळ समजून ती घासू नका. ती काढाल तर लेन्सचं नुकसानच कराल.

आता बुरशीकडे वळतो, कारण जुन्या लेन्सचा सगळ्यात मोठा शत्रू तीच. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, लेन्समध्येही असतात. त्यांना रुजायला दमट हवा लागते. आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर जाऊन दिवसेंदिवस तशीच राहिली, जोडीला अंधार आणि कोंडलेली हवा मिळाली की धागे फुटतात. खायला बोटाच्या ठशातलं तेल आणि धुळीतले कणही पुरतात. वाढता वाढता बुरशी आम्ल सोडते. हे आम्ल आधी लेप खातं, मग काच. लवकर लक्षात आलं तर लेन्स उघडून साफ करता येते. उशीर झाला की बुरशी निघून जाते, पण तिचे चरे काचेवर कायमचे राहतात.

मुंबईत आणि कोकणात समुद्राच्या दमट हवेमुळे ही धास्ती जवळपास बारमाही असते. आपल्याकडे पाऊस परतला की हवा कोरडी होऊ लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही खाली येते. नवतपाच्या ज्या दुपारी आपल्याला नकोशा होतात, त्या दुपारी बुरशीची वाढ ठप्प असते. विदर्भातल्या घराच्या कपाटातून निघालेल्या लेन्सची काच स्वच्छ दिसली, तर त्या श्रेयातला मोठा वाटा या रखरखीत उन्हाळ्याचा आहे.

पण याच उन्हाळ्यात दोन धोके दडलेले आहेत, आणि दोन्ही अस्सल नागपुरी आहेत.

पहिला धोका कूलरचा. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो आणि गार करून खोलीत सोडतो. गारव्याबरोबर बाष्पही येतं. दारं-खिडक्या बंद ठेवून रात्रभर कूलर चालवला की अंथरूण-पांघरूण दमट लागतं, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. त्याच खोलीतल्या कपाटात कॅमेरा असेल तर तो एप्रिलपासून जूनपर्यंत कूलरची ओल सोसतो आणि लगेच पुढे सप्टेंबरपर्यंत पावसाची. म्हणजे वर्षाचे जवळजवळ सहा महिने दमट. बाहेर वैशाख वणवा पेटलेला आणि कपाटात बुरशीला मोकळं रान! एकाच घरातल्या दोन लेन्सची गत वेगळी का होते, याचं उत्तर पुष्कळदा कुठली खोली आणि कुठलं कपाट एवढ्यावर येऊन थांबतं.

दुसरा धोका उष्णतेचा. अडगळ माळ्यावर टाकायची आपली सवय. तापलेल्या स्लॅबखाली किंवा टिनाखाली जुनं ग्रीस पातळ होतं, त्यातलं तेल सुटतं आणि अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर पसरतं. पाती एकमेकांना चिकटू लागतात. त्या तेलाचा अंश उडून भिंगांच्या आतल्या बाजूवर बसतो आणि काच धुरकट दिसते. बाल्समचा जोड अशा उष्णतेने मऊ पडतो, कडेने सुटू लागतो. म्हणून लेन्स कूलरच्या खोलीत नको आणि माळ्यावरही नको. घराच्या आतल्या भिंतीलगतचं, ऊन न लागणारं कपाट आणि त्याचा मधला कप्पा, ही तिची योग्य जागा.

आता आपल्या हातात असलेल्या निम्म्या उत्तराविषयी. स्वातंत्र्यानंतरची कित्येक वर्षं परदेशी कॅमेरे आणि लेन्स देशात येण्यावर कडक निर्बंध होते. घरगुती हौसेसाठी बडोद्यात तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता. त्याची लेन्स अगदी साधी, त्यामुळे तिच्यात बिघडण्यासारखंही फारसं काही नव्हतं. स्टुडिओवाल्यांची मदार मात्र रोलीकॉर्ड, रोलीफ्लेक्स, याशिकामॅट अशा कॅमेऱ्यांवर होती. एक गेला तर दुसरा मिळणं सोपं नव्हतं. त्यावर घर चालत असे, म्हणून तो जिवापाड जपला जाई. काम झालं की झाकण लागलंच पाहिजे, काचेला बोट लागता कामा नये, आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग मऊ ब्रश आणि अगदी शेवटी धुतलेलं जुनं मलमल, ही शिस्त उगाच नव्हती. धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात आणि ते लेन्सच्या काचेपेक्षा कठीण असतात. शर्टाच्या टोकाने काच पुसली की हे कण तिच्यावर ओरखडे काढत जातात. अतिस्वच्छतेच्या हौसेपायी खराब झालेल्या लेन्स थोड्या नाहीत.

या शिस्तीला आपल्या सणांचीही साथ होती. खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो आणि फोटोग्राफर कॅमेऱ्याची करतो. हा मुहूर्त नेमका पावसाळा सरताना येतो. चार महिने बंद राहिलेली पेटी त्या दिवशी उघडते, कॅमेरा बाहेर निघतो, पुसला जातो, त्याला हवा आणि उजेड लागतो. बुरशीला आळा घालायला याहून चांगली वेळ नाही. पूजा जरूर करा, फक्त हळद-कुंकू आणि उदबत्तीचा धूर काचेपासून दूर ठेवा.

काही लेन्स न वापरल्यामुळेही उत्तम राहिल्या, हे खरं आहे. कॅमेऱ्यावर कायम असायची पन्नास मिलिमीटरची लेन्स, आणि हौसेने घेतलेली एकशेपस्तीसची डब्यात पडून राहायची. आज तिचं अंग नव्यासारखं चकाकतं. पण बाहेरच्या रूपावर जाऊ नका. जिचा रंग कडेने उडून पितळ उघडं पडलंय, तिची काच नितळ असू शकते. जी कोरी करकरीत दिसते, ती आतून धुरकट निघू शकते. वापरातल्या लेन्सला उजेड मिळतो, हवा मिळते, तिचं ग्रीस फिरतं राहतं, आणि काही बिघडलं तर मालकाच्या लगेच ध्यानात येतं. पडून राहिलेल्या लेन्सकडे बघायला कुणीच नसतं.

लेन्सची परीक्षा सोपी आहे. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, खोलीत अंधार करा आणि एका बाजूने तिरपा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने पाहा. कडेकडून आत शिरणारे, फाटे फुटलेले बारीक धागे दिसले तर ती बुरशी. सगळी काच एकसारखी दुधाळ दिसली तर ते तेलाचं किटण. काठाशी इंद्रधनुषी रंगांचे डाग दिसले तर जोड सुटू लागलाय. मग अ‍ॅपर्चर बंद करून पाती पाहा, ती तेलकट चमकता कामा नयेत. काच सरसकट पिवळट असेल तर घाबरू नका. जपानच्या काही जुन्या टाकुमार लेन्सच्या काचेत थोरियम असे आणि तशी काच वर्षांनुवर्षांत पिवळी पडते. अतिनील किरणांनी हा पिवळेपणा काही आठवड्यांत बराच उतरतो.

लेन्स ठेवायची कशी? चामड्याच्या कव्हरात नको, चामडं ओल धरतं आणि बुरशीला खाऊ घालतं. डांबराच्या गोळ्यांजवळ नको, त्यांची वाफ काचेवर बसते. झाकण घट्ट लागणारा प्लास्टिकचा डबा घ्या आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओल पिऊन तृप्त झाले असं समजा. ते गरम करून वाळवले की पुन्हा कामाला लागतात, फक्त त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. डब्यातली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के असावी. ती दाखवणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं. हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हाचा उजेड लेन्सला अधूनमधून दाखवा. मात्र मेच्या उन्हात ठेवू नका आणि सूर्यासमोर उघडी तर कधीच नको. ते भिंग आहे, ऊन एकवटून आग लावेल.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमीचा दिवस. याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली. त्या दिवसाची जी छायाचित्रं आज घराघरांत आहेत, ती त्या काळच्या अशाच भिंगांतून उतरली. आपल्या आजी-आजोबांची लग्नं, शाळांचे गट-फोटो, सीताबर्डी आणि महालातले जुने रस्ते, सगळं आपल्यापर्यंत या काचेतूनच आलं. फोटो आपण फ्रेम करून लावतो, पण ज्यांनी हे सगळं पाहिलं आणि टिपलं ती साधनं भंगारात जातात. खरं तर ती आजही काम करतात. एक साधा अडॅप्टर लावला की यातल्या सुट्या होणाऱ्या बऱ्याच लेन्स नव्या मिररलेस कॅमेऱ्यांवर बसतात.

म्हणून एक विनंती करतो. आजच घरातलं कपाट उघडा, माळ्यावरची पेटी खाली काढा. आजोबांचा, काकांचा कॅमेरा सापडला तर तिरप्या टॉर्चने त्याची लेन्स पाहा. बुरशी दिसली तर पावसाळ्याची वाट न पाहता जाणकार कारागिराकडे न्या. स्वच्छ निघाली तर पुन्हा बंद करून ठेवू नका, घरातल्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्या आणि तिच्यातून फोटो काढायला सांगा. जुनी लेन्स कोरड्या हवेने टिकते, हलक्या हाताने टिकते, पण सगळ्यात जास्त टिकते ती वापरात राहिल्याने.