कृष्णविवराचा दुसरा पुरावा

(शनिशिंगणापूर परिसरातल्या तरुण मुलामुलींच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी खगोलशास्त्रज्ञ नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. पण आज आकाशाचा अभ्यास जितका दुर्बिणीने होतो, तितकाच संगणकावरही होतो. म्हणून या विषयावर बोलायचं धाडस करतोय.

शिंगणापूरच्या घरांना दरवाजे नसतात, ही गोष्ट जगभर माहीत आहे. आकाशाचं उलटं आहे. तिथून रेडिओ लहरी, अवरक्त किरण, डोळ्यांना दिसणारा प्रकाश, अतिनील, क्ष-किरण, गॅमा किरण असं सगळं येत असतं. पण आपलं वातावरण त्यातलं बरंचसं अडवतं. चांगली उघडी दारं दोनच : दिसणारा प्रकाश आणि रेडिओ लहरी. क्ष-किरण पाहायचे तर दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. भारताने 28 सप्टेंबर 2015 रोजी सोडलेली ‘ॲस्ट्रोसॅट’ ही अशीच वेधशाळा.

एवढे प्रकार पाहायचे कशासाठी? कृष्णविवराचं उदाहरण घेऊ. मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी लाखो ते अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असतं. ते स्वतः दिसत नाही. पण त्याच्याकडे ओढला जाणारा वायू गरगर फिरत प्रचंड तापतो. त्यातला काही भाग आत पडण्याआधीच चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर दोन विरुद्ध दिशांना, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकला जातो. हेच ते झोत, म्हणजे जेट.

एम 87 या दीर्घिकेतून निघणारी एक सरळ रेघ हेबर कर्टिस यांनी 1918 मध्येच नोंदवली होती. तिथल्या कृष्णविवराची सावली दाखवणारं चित्र जगाने 10 एप्रिल 2019 ला पाहिलं. वस्तुमान सुमारे 650 कोटी सूर्यांइतकं. ते चित्र सगळ्यांनी फॉरवर्ड केलं. पण ज्या दिवसांत, 2017 च्या वसंतात, ही निरीक्षणं झाली, त्याच सुमारास जमिनीवरच्या आणि अवकाशातल्या 19 वेधशाळा एम 87 कडे पाहत होत्या, रेडिओपासून गॅमा किरणांपर्यंत. एकाच वेळी का? कारण या झोतांचं तेज बदलत राहतं. आजचे क्ष-किरण आणि पुढच्या वर्षीच्या रेडिओ लहरी यांची बेरीज करून चालत नाही.

आता आपल्या जवळचं उदाहरण. नगरहून कल्याणच्या रस्त्याने आळेफाट्याला गेलात की तिथून नारायणगाव जवळच आहे. त्याच भागात खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. 14 मध्यभागी, बाकीच्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. तबकडीला भरीव पत्रा नाही, तारेची जाळी आहे. लांब रेडिओ लहरींना ती जाळी आरशासारखीच वाटते, वजन आणि खर्च मात्र वाचतो. दर दोन तबकड्यांची एक जोडी धरली तर 435 जोड्या होतात. या सगळ्यांचे संकेत जुळवून चित्र तयार करायचं काम संगणक करतात.

या दुर्बिणीने एक वाद कसा मिटवला ते ऐका. भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे 39 कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक समूह आहे. शनीचा प्रकाश आपल्याकडे साधारण सव्वा तासात पोचतो. तिथला निघाला तेव्हा पृथ्वीवर डायनासोरही नव्हते. त्या समूहातल्या तप्त वायूत चंद्रा दुर्बिणीच्या क्ष-किरणांमध्ये एक विचित्र वळणदार कड दिसली. 2016 च्या शोधनिबंधात नॉर्बर्ट वर्नर आणि सहकाऱ्यांनी विचार केला, की ही कृष्णविवराच्या झोतांनी पाडलेल्या पोकळीची भिंत असेल का? पण त्यासाठी लागणारी ऊर्जा इतकी अफाट होती, की त्यांनी ती शक्यता बाजूला ठेवली.

2020 मध्ये सिमोना जियाचिंतुची यांच्या गटाने ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए आणि आपल्या खोडदच्या दुर्बिणीची रेडिओ माहिती त्या जागी ठेवून पाहिली. रेडिओ लहरी नेमक्या त्या कडेच्या आतच भरलेल्या होत्या. म्हणजे पोकळी खरी होती. आपल्या आकाशगंगेसारख्या 15 दीर्घिका एका ओळीत मावतील एवढी. लागलेली ऊर्जा आधीच्या विक्रमी स्फोटाच्या सुमारे पाचपट.

आणि झोत? ते केव्हाच थांबलेत. मग रेडिओ लहरी कुठून येतात? झोतांनी फेकलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना लहरी सोडतात. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लवकर थकतात, कमी ऊर्जेचे टिकून राहतात. त्यामुळे जुन्या झोताची खूण शेवटी कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींमध्येच उरते. खोडदची दुर्बीण तिथेच तरबेज आहे.

याच तारकासमूहातल्या सर्वांत ठळक ताऱ्याचं आंतरराष्ट्रीय नाव रासलहेग. मूळ अरबी ‘रास अल-हव्वा’, म्हणजे गारुड्याचं डोकं. आपल्या सभांमध्ये असं नाव निघालं की टाळ्या पडतात. मला एवढंच म्हणायचंय, की ती नावं टिकली कारण त्या काळी कुणीतरी रात्री जागून मोजमाप केलं होतं. नावाचा अभिमान जरूर बाळगा, पण आजचं मोजमाप आजच्यांनीच करायला हवं.

ते करायला वाट आहे. जीएमआरटीची निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर, साधारण 18 महिन्यांनी, सर्वांसाठी खुली होतात. ती तपासायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तिथल्याच 150 मेगाहर्ट्झच्या सर्वेक्षणाची 2010 ते 2012 मधली माहिती नव्या प्रोग्रॅममधून पुन्हा काढली, तेव्हा आकाशातल्या सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओ स्रोतांची यादी हाती आली. दुर्बीण तीच, माहिती तीच, प्रोग्रॅम नवा. डिप्लोमा, बीएस्सी, बीई करणाऱ्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावं. दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं. धाकट्या भावंडांना घेऊन जा. मोबाइल मात्र बंद ठेवा. त्याच्या लहरी दुर्बिणीच्या कामात अडथळा आणतात.

शेवटचं. वर्नर यांच्या गटाकडे वळणदार कड होती, तरी त्यांनी डंका पिटला नाही. वेगळ्या दुर्बिणीचा, वेगळ्या लहरींचा पुरावा आला, तेव्हाच गोष्ट पक्की झाली. आपल्या फोनवर रोज कुणाबद्दल ना कुणाबद्दल काहीतरी येतं. कधी आपल्याबद्दल, कधी शेजाऱ्याबद्दल. 39 कोटी प्रकाशवर्षांवरच्या गोष्टीसाठी लोक चार वर्षं थांबले. शेजारच्या माणसाबद्दल बोट उचलण्याआधी आपण चार तास तरी थांबू या.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.