निरोपाची वही

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' या उपग्रहाचं काम २००८मध्ये हाती घेतलं. तो श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला २२ जून २०१६ रोजी. आरंभ करणारी मुलं तोवर केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडली होती.

आमच्या कॉलेजच्या बाहा गाडीच्या चमूतील सीनियर्सना परवा निरोप देताना हे आठवलं. गेल्या वर्षी वेल्डिंग सांभाळणारा दादा काही लिहून न ठेवता गेला आणि आमच्या सांगाड्याचे जोड तपासणीत नापास झाले. यंदा ताईनं पेढ्यांआधी एक तेलकट वही माझ्या हातात ठेवली. पहिल्या पानावर शीर्षक होतं : 'आमच्या चुका'. निम्मी वही कोरी होती. "ही तुमच्यासाठी," ती म्हणाली.

मग मात्र डोळे भरून आले.