रोजच्या गोळीमागचे संशोधन

(जागतिक एड्स दिनानिमित्त एआरटी केंद्रात रुग्ण व त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या केंद्रात औषधे घेण्यासाठी येणाऱ्या बहुतेकांच्या मनात तीन प्रश्न असतात. प्रकृती उत्तम असताना रोज गोळी का घ्यावी? माझ्यामुळे माझ्या जोडीदाराला संसर्ग होईल का? आम्हाला निरोगी मूल होऊ शकेल का? या प्रश्नांची उत्तरे आज निश्चितपणे देता येतात, कारण ती जगभरातील हजारो रुग्णांनी स्वेच्छेने सहभागी होऊन पूर्ण केलेल्या संशोधनावर आधारलेली आहेत. त्या संशोधनाची ओळख आपल्याला व्हावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

असाध्य आजारापासून उपचारांपर्यंत

एड्सची पहिली नोंद १९८१ मध्ये अमेरिकेत झाली आणि १९८३ मध्ये पॅरिस येथील पाश्चर संस्थेत त्याच्या विषाणूचा शोध लागला. भारतात १९८६ मध्ये चेन्नई येथे डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी पहिल्या एचआयव्ही संसर्गांचे निदान केले. पुढच्याच वर्षी झिडोव्हुडिन हे पहिले औषध उपलब्ध झाले. तथापि, हा विषाणू सतत आपले रूप बदलतो. एकच औषध दिले तर तो लवकरच त्या औषधाला दाद देईनासा होतो. तीन औषधे एकत्र दिल्यास त्याला निसटण्याची वाट उरत नाही, हे १९९६ च्या सुमारास सिद्ध झाले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

त्या काळी पाश्चात्त्य देशांत या उपचारांचा वर्षाचा खर्च सुमारे दहा हजार डॉलर होता. २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने तीच औषधे एका स्वयंसेवी संस्थेला वर्षाला ३५० डॉलर दराने देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत मिळू लागली. आपल्या हातातील बाटलीमागे एवढा इतिहास आहे.

पहिला प्रश्न : बरे वाटत असताना गोळी का घ्यावी?

एके काळी डॉक्टरांनाही वाटत होते की, रोगप्रतिकारक शक्ती चांगली असेल तर औषधाला काही काळ विश्रांती द्यावी. दुष्परिणाम कमी होतील, अशी त्यामागे आशा होती. हे तपासण्यासाठी ‘स्मार्ट’ नावाचा अभ्यास झाला. त्यात ५,४७२ रुग्ण सहभागी होते. एका गटाने औषध अखंड घेतले. दुसऱ्या गटाने सीडी-४ पेशींची संख्या चांगली असताना ते थांबवले आणि संख्या घटल्यावर पुन्हा सुरू केले. औषध थांबवणाऱ्या गटात संधिसाधू आजार किंवा मृत्यूचा धोका २.६ पट आढळला. हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे गंभीर आजारही त्याच गटात अधिक होते. त्यामुळे २००६ मध्ये औषध थांबवण्याची ती पद्धत मुदतीपूर्वीच बंद करावी लागली.

उपचार कधी सुरू करावेत, या प्रश्नाचे उत्तर २०१५ मध्ये ‘स्टार्ट’ या अभ्यासाने दिले. त्यातील ४,६८५ जणांची सीडी-४ संख्या ५०० हून अधिक होती, म्हणजे ते वरकरणी निरोगीच होते. ज्यांनी उपचार तत्काळ सुरू केले, त्यांच्यात गंभीर आजार व मृत्यूचे प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणूनच २०१७ पासून आपल्या देशात, सीडी-४ संख्या कितीही असली तरी, निदान झालेल्या प्रत्येकाला उपचार दिले जातात. बरे वाटणे हा औषधाचाच परिणाम आहे. तो औषध सोडण्याचा परवाना नव्हे.

दुसरा प्रश्न : माझ्या जोडीदाराचे काय?

या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या देशातील दांपत्यांचा वाटा आहे. ‘एचपीटीएन ०५२’ या अभ्यासात नऊ देशांतील १,७६३ जोडपी सहभागी झाली. त्यात पुणे व चेन्नई येथील जोडपीही होती. प्रत्येक जोडप्यातील एकाला संसर्ग होता, दुसऱ्याला नव्हता. सर्वांना समुपदेशन व निरोध दिले गेले. निम्म्या जोडप्यांतील बाधित व्यक्तीला उपचार लगेच सुरू केले आणि उरलेल्यांना त्या वेळच्या प्रघातानुसार सीडी-४ संख्या घटल्यावर. २०११ मध्ये मधला आढावा घेतला, तेव्हा जोडीदाराकडूनच झालेले २८ संसर्ग आढळले. त्यांपैकी २७ उशिरा उपचार मिळालेल्या गटातील होते. लगेच उपचार मिळालेल्या गटात केवळ एक होता. हे दिसताच सर्वांना तत्काळ उपचार देऊ करण्यात आले.

त्यानंतरच्या अभ्यासांनीही हेच दाखवले आहे. औषध नियमित घेतल्यामुळे ज्याच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, चाचणीत मोजता न येण्याइतके घटले आहे आणि तसेच टिकून आहे, अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही. मात्र ही पातळी गाठण्यास सहा महिन्यांपर्यंतचा काळ लागू शकतो आणि गोळ्या सुटल्यास ती टिकत नाही. इतर गुप्तरोगांपासून रक्षण करण्यासाठी निरोध आवश्यकच आहे. सुई किंवा सिरिंज सामाईक वापरणे कोणत्याही परिस्थितीत सुरक्षित नाही.

तिसरा प्रश्न : निरोगी मूल होईल का?

होय. कोणताही उपचार न घेतल्यास आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. अमेरिका व फ्रान्समध्ये झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ एका औषधाने ते २५.५ वरून ८.३ टक्क्यांवर आले. पुणे, इथिओपिया व युगांडा येथील अभ्यासात, स्तनपान करणाऱ्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन दिल्याने त्या काळातील धोका जवळपास निम्मा झाला. आज आईने गर्भारपणापासून तीन औषधे नियमित घेतली आणि बाळालाही जन्मानंतर औषध दिले, तर धोका अत्यंत अल्प राहतो. म्हणून प्रत्येक गरोदर स्त्रीने पहिल्याच भेटीत एचआयव्ही तपासणी करून घ्यावी. बाळाला स्तनपान कसे व किती काळ द्यावे, हे केंद्रातील डॉक्टरांशी बोलून ठरवावे. बाळाची पहिली चाचणी सहाव्या आठवड्यात होते. ती चुकवू नये.

आपण काय करावे?

• गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यावी. विसरल्यास आठवताच घ्यावी, मात्र दोन मात्रा एकदम घेऊ नयेत.
• व्हायरल लोड चाचणी उपचारानंतर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि त्यापुढे दरवर्षी करून घ्यावी.
• कामानिमित्त परगावी किंवा परराज्यात जाण्यापूर्वी केंद्रात कळवावे. आपले उपचार तेथील एआरटी केंद्राकडे वर्ग करता येतात.
• क्षयरोगाची औषधे, आम्लपित्तावरील गोळ्या, लोह किंवा कॅल्शियम घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे. त्यांपैकी काहींमुळे एआरटीचा प्रभाव कमी होतो.
• खोकला, ताप किंवा वजनात घट असल्यास क्षयरोगाची तपासणी करावी.
• एचआयव्ही समूळ बरा करण्याच्या जाहिरातींना भुलून औषध सोडू नये. असा उपचार अद्याप सर्वसामान्यांसाठी उपलब्ध नाही.

कुटुंबीयांना विनंती

एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, एकच स्वच्छतागृह वापरल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही होत नाही. घरातील वेगळे ताट आणि वेगळी चटई रुग्णाला आजारापेक्षा अधिक खचवतात. गोळ्या लपवून ठेवाव्या लागतात, तेव्हा त्या चुकतात. घरातील कोणीतरी ‘आज गोळी घेतलीस का?’ असे मायेने विचारले, तर त्या चुकत नाहीत. कायदाही आपल्या पाठीशी आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शिक्षण, उपचार किंवा निवासात भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे आणि माहितीपूर्ण संमती व गोपनीयता यांना संरक्षण दिले आहे.

ज्यांची तपासणी झालेली नाही, त्यांनी ती शासकीय केंद्रात मोफत करून घ्यावी. ज्यांचे औषध सुटले आहे, त्यांनी संकोच न बाळगता परत यावे. येथे त्यांना कोणी दोष देणार नाही. अधिक माहितीसाठी १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

पुणे व चेन्नई येथील त्या दांपत्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. परंतु त्यांनी दाखवलेल्या विश्वासामुळेच आज येथील पती-पत्नी निर्धास्तपणे संसार करू शकतात. आजची गोळी आजच घेणे, हाच त्यांचे ऋण फेडण्याचा मार्ग आहे.